मोडतं कसं, तेही विचारा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत एक विशीतला मुलगा आला. दोन आठवड्यांपासून कोरडा खोकला आणि दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत खाज. कोणीतरी खरूज समजून मलम दिले होते आणि घरातल्या चौघांनी ते इमानेइतबारे लावलेही होते. फरक काही पडला नव्हता. बोटांच्या बेचक्यांत पुरळ नव्हते, घरात आणखी कोणाला खाज नव्हती आणि रात्री ती वाढतही नव्हती. उलट रविवारी त्याला बरे वाटायचे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात डॉक्टरांना एक सल्ला दिला होता : रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर तो काम काय करतो, हेही विचारा. मी विचारले.

"सर, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही रेसिंगची गाडी बनवतोय."

मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. 'फॉर्म्युला स्टुडंट' प्रकारच्या स्पर्धेसाठी एकाच माणसाची छोटी गाडी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तयार होत होती. चाके गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्या कार्बन फायबरच्या नळ्यांच्या होत्या. नळ्या कापायच्या, टोके पॉलिश पेपरने घासायची आणि इपॉक्सीने त्यांत अॅल्युमिनियमची टोपणे चिकटवायची, हे काम याच्याकडे होते. अंगात हाफ शर्ट आणि नाकाला रुमाल. निदान तिथेच झाले. कातडीत रुतणारे कार्बनचे बारीक तुकडे आणि त्यांच्याबरोबर इपॉक्सीचा त्रास.

औषध लिहून देता देता त्याने मला अभिमानाने सांगितले, "सर, पोलादापेक्षा जवळजवळ पाचपट हलकं, आणि तरी त्याच्याहून मजबूत."

मी हाडांच्या फोटोंवर आयुष्य काढलेला माणूस. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "ते ठीक आहे. पण मोडतं कसं?"

तो गप्प झाला. खरे तर उत्तर मलाही ठाऊक नव्हते. त्यानंतरचे काही महिने मी जमेल तसे वाचत गेलो. तो मुलगाही दोन-तीनदा भेटून गेला. त्या शोधातून हा लेख तयार झाला.

धागा आणि राळ

कार्बन फायबर हा शब्द आपण सैल वापरतो. खरा कार्बन फायबर म्हणजे धागा. एका कृत्रिम धाग्याला आधी हवेत दोन-तीनशे अंशांपर्यंत आणि मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांहून जास्त तापवले की बाकीची मूलद्रव्ये उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. हा धागा पाच ते सात मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस त्याच्या साधारण दहापट जाड. धागा ओढायला जबरदस्त ताकद लागते, पण दोऱ्यावर कोणी उभे राहू शकत नाही. म्हणून हे धागे इपॉक्सीसारख्या राळेत भिजवून, थरावर थर देऊन, दाबाखाली शिजवतात. धागा ताण घेतो आणि राळ धाग्यांना जागेवर धरून ठेवते. दोघे मिळून होतो तो मिश्र पदार्थ. त्याची घनता पोलादाच्या सुमारे एक पंचमांश असते.

मला हे वाचताना ओळखीचे वाटले, कारण आपले हाडही असाच मिश्र पदार्थ आहे. त्यात कोलॅजनचे चिवट धागे असतात आणि त्यांच्यामध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे कठीण कण. नुसते कोलॅजन असते तर पाय रबरासारखे वाकले असते आणि नुसते कॅल्शियम असते तर खडूसारखे तुटले असते. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेनेच हाडाची आतली जाळी रचली जाते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. कार्बनचा भाग बनवणारा अभियंताही आधी भार कुठून कुठे जाणार ते ठरवतो आणि त्या दिशेने धागे टाकतो. ठरवलेल्या दिशेने तो भाग फार मजबूत असतो, दुसऱ्या दिशेने तितका नसतो.

शर्यतीच्या गाडीला तो का आवडतो

मोटारशर्यतींत कार्बनचा खरा शिरकाव १९८१ साली झाला. मॅक्लारेन संघासाठी जॉन बर्नार्ड यांनी 'एमपी४/१' या गाडीचा मुख्य सांगाडाच कार्बन फायबरचा केला. तो अमेरिकेतल्या हर्क्युलीस कंपनीने बनवून दिला होता. असा सांगाडा धडकेत काचेसारखा फुटेल, ही अनेकांची भीती होती. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझा इथे जॉन वॉटसन यांच्या गाडीचा भीषण अपघात झाला, इंजिन मागच्या मागे तुटून गेले आणि वॉटसन मात्र सांगाड्यातून चालत बाहेर आले. शंका तिथेच विरल्या.

पुढे हा पदार्थ सस्पेन्शनमध्ये गेला. आपण सस्पेन्शन म्हटले की स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर डोळ्यांसमोर आणतो. पण त्याखेरीज चाकाला जागेवर धरणाऱ्या दांड्या असतात. विशबोन आणि पुशरॉड ही त्यांची नावे. शर्यतीच्या गाडीत या दांड्या दोन्ही टोकांना सांध्यांवर फिरत्या बसवलेल्या असतात. त्यामुळे त्यांच्यावर येणारा भार बराचसा लांबीच्या दिशेने, म्हणजे ओढण्याचा किंवा दाबण्याचा असतो. धागेही त्याच दिशेने टाकता येतात. कार्बनला याहून सोयीचे काम सापडणे कठीण.

शिवाय चाक, ब्रेक आणि या दांड्यांचा काही भाग स्प्रिंगच्या खालच्या बाजूला येतो. हे वजन जितके कमी, तितके चाक खड्ड्यातून लवकर सावरते आणि रस्त्याला चिकटून राहते. पायात जड गमबूट घालून धावणे आणि कॅनव्हासचे बूट घालून धावणे, यातला फरक आठवा. पाठीवर एक किलो वाहणे आणि पावलावर एक किलो वाहणे सारखे नसते.

शेवटच्या फेरीतला धडा

मग मोडते कसे? पोलादाची दांडी क्षमतेपेक्षा जास्त भार आला की बहुधा आधी वाकते. गाडी एका बाजूला ओढू लागते, स्टिअरिंग तिरके होते, चालकाला कळते की काहीतरी बिघडले. कार्बनचा भाग आपल्या मर्यादेपर्यंत ताठ राहतो आणि मर्यादा ओलांडली की तुटतो. मधली वाकण्याची पायरी जवळजवळ नसतेच.

२९ मे २००५ रोजी जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर झालेली युरोपियन ग्रां प्री हे याचे जगाने पाहिलेले उदाहरण. तोवर फॉर्म्युला वनमध्ये सस्पेन्शनच्या दांड्या कार्बनच्या झाल्या होत्या. त्या वर्षी नियम असा होता की एकच टायरसंच पूर्ण शर्यत चालवायचा. मॅक्लारेनचे किमी रायकोनेन आघाडीवर होते. एका मागे पडलेल्या गाडीला ओलांडताना त्यांचे पुढचे उजवे चाक ब्रेक लागून घसटले आणि टायर एका जागी चपटा झाला. त्यानंतर प्रत्येक फेऱ्यासरशी चाक हादरे देऊ लागले. टीव्हीच्या पडद्यावरही ते चाक थरथरताना दिसत होते. थांबून टायर बदलावा तर पहिला क्रमांक जाणार, म्हणून गाडी चालू ठेवली गेली. ५९ फेऱ्यांच्या शर्यतीची शेवटची फेरी सुरू झाली, पहिल्या वळणासाठी रायकोनेन यांनी ब्रेक दाबला आणि पुढचे उजवे सस्पेन्शन एका क्षणात मोडले. गाडी घसरत बाहेर गेली. रायकोनेन यांना इजा झाली नाही. शर्यत फर्नांदो अलोन्सो जिंकले.

इथे कार्बनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. वारंवार येणारा ताण सोसण्यात धाग्याच्या दिशेने कार्बन पोलादापेक्षा सरस असतो. पण हादऱ्यांचा भार आखणीच्या पलीकडे गेला तर कोणताही पदार्थ हार मानतो. प्रश्न हार मानण्याच्या पद्धतीचा आहे. ही पद्धत काही ठिकाणी वरदानही ठरते. फॉर्म्युला वन गाडीचे कार्बनचे नाकाड धडकेत चुरा चुरा होत जाते आणि त्या चुरा होण्यातच धडकेची ऊर्जा खर्च होते. चालक वाचतो. तोच पदार्थ नाकाडात तुटला तर जीव वाचवतो आणि सस्पेन्शनमध्ये तुटला तर चाक सुटते.

सुटलेले चाक काय करते, हे डॉक्टरांनीही पाहिले आहे. १ मे १९९४ रोजी इमोला इथे आयर्टन सेना यांची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हा चाकाबरोबर मागे आलेला सस्पेन्शनचा भाग त्यांच्या हेल्मेटमध्ये घुसला. लंडनचे मेंदूशल्यविशारद सिड वॉटकिन्स यांनी त्यांच्यावर धावपट्टीच्या कडेलाच उपचार केले, पण सेना वाचले नाहीत. ती दांडी कशाची होती, यापेक्षा चाक गाडीला बांधलेले नव्हते, हा मुद्दा मोठा होता. त्या दशकाच्या अखेरीस चाकाला चिवट दोराने गाडीशी बांधण्याचा नियम आला. तरीही २००० साली मोंझा आणि २००१ साली मेलबर्न इथल्या अपघातांत उडालेल्या चाकांमुळे धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या एकेका मार्शलचा जीव गेला. २०११ पासून प्रत्येक चाकाला दोन दोर आले. भाग कधीतरी तुटणारच, हे गृहीत धरून तुटल्यानंतरची सोय आधी करायची, असा हा विचार. आम्ही भूल देण्यापूर्वी ऑक्सिजनचा जादा सिलिंडर तपासतो, त्यातलाच.

दगडांची वाट

त्या मुलाच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक संघ होता. तो मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला होणाऱ्या 'बाहा' स्पर्धेसाठी चिखल-दगडांतून जाणारी बग्गी बनवत होता. तिचे सस्पेन्शन पोलादी नळ्यांचे होते. "त्यांना कार्बन परवडत नाही," असे आमच्या रुग्णाचे मत. मला वाटते, कारण पैशांपुरते नाही.

ऑफ-रोड गाडीच्या खालच्या दांडीवर भार फक्त लांबीच्या दिशेने येत नाही. चाकाने उडवलेला दगड तिला बाजूने फटका देतो. गाडी खडकावर टेकते तेव्हा दांडी मधोमध घासते. शॉकअॅब्सॉर्बर बऱ्याचदा दांडीच्या मध्यावरच बसवलेला असतो, त्यामुळे तिला वाकवणारा जोर सतत असतो. हे सगळे भार धाग्यांच्या आडवे येतात आणि तिथे धाग्यांपेक्षा राळेलाच झुंजावे लागते. मेक्सिकोतल्या बाहा वाळवंटी शर्यतींचे 'ट्रॉफी ट्रक' घ्या. त्यांच्या बाह्य पत्र्यांत कार्बन सर्रास दिसतो, पण चाके धरणाऱ्या दांड्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या असतात. पोलादी दांडी वाकली तर रानात हातोड्याने सरळ करून, वेल्डिंग मारून घर गाठता येते. कार्बनच्या दांडीला ती सोय नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे फटका बसल्यानंतरचे तिचे रूप. दगड लागल्यावर वरचा चकचकीत थर जसाच्या तसा दिसू शकतो, पण आत थर एकमेकांपासून सुटलेले असतात. विमान उद्योगात याला 'जेमतेम दिसणारी इजा' अशा अर्थाचे नाव आहे आणि त्याची धास्ती मोठी आहे. अशा दांडीची ओढ सहन करण्याची ताकद थोडी घटते, पण दाब सहन करण्याची ताकद बरीच घटते. गाडी तशीच चालत राहते आणि पुढचा मोठा खड्डा येतो.

हाडालाही अशा सूक्ष्म भेगा पडतात. फरक एवढाच की हाड जिवंत आहे. जुने हाड खाणाऱ्या आणि नवे भरणाऱ्या पेशींचे काम अखंड चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहा टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. नव्याने भरती झालेल्या जवानांना सक्तीच्या कवायतीने नडगीत 'स्ट्रेस फ्रॅक्चर' होते, ते भेगा पडण्याचा वेग भरून येण्याच्या वेगाला मागे टाकतो म्हणून. पण तिथे आधी दुखते. दुखणे म्हणजे शरीराने केलेली तक्रार. कार्बनच्या दांडीला दुखत नाही आणि ती भरूनही येत नाही.

नाणे आणि छाती

मग आतली इजा ओळखायची कशी? इथे मला आमच्या व्यवसायाची जुनी ओळख पटली. विमानदुरुस्ती करणारे तंत्रज्ञ कार्बनच्या भागावर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत जातात. धड भागातून खणखणीत आवाज येतो आणि थर सुटले असतील तिथे बद्द. ऑस्ट्रियाचे लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली रुग्णाच्या छातीवर बोटाने ठोकून आत पाणी आहे की हवा, हे ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव होते. पिंपात दारू कुठवर आहे, ते ठोकून पाहण्याची सवय त्यांना तिथे लागली, असे सांगतात. छाती ठोकून पाहायला आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो.

पुढची पायरी म्हणजे अल्ट्रासाउंड, आपली सोनोग्राफी. सुटलेल्या थरांमधल्या फटीवरून ध्वनिलहरी परततात आणि इजा दिसते. साधा एक्स-रे मात्र फारसा कामाचा नाही, कारण कार्बन क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक आहे. मी त्या मुलाला आमच्या सीटी स्कॅन विभागात नेऊन रुग्ण झोपतो ती फळी दाखवली. ती कार्बन फायबरचीच असते. माणसाचे वजन पेलते आणि चित्रात अडथळा आणत नाही. या गुणाची दुसरी बाजूही डॉक्टरांनी लक्षात ठेवायला हवी. शर्यतीत किंवा वर्कशॉपमध्ये कार्बनची किरच हातात घुसली तर एक्स-रेवर ती न दिसण्याची शक्यता मोठी. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून जखम शिवून टाकू नये. कशाने लागले, हे विचारावे.

फॉर्म्युला वनचे संघ नाण्यावर विसंबत नाहीत. सस्पेन्शनची प्रत्येक दांडी गाडीला लावण्यापूर्वी यंत्रावर ठरावीक भार देऊन ओढून-दाबून पाहतात, ती किती किलोमीटर धावली याची नोंद ठेवतात आणि ठरलेले आयुष्य संपले की दिसायला नवीकोरी असली तरी काढून टाकतात. तिचा खरा खर्च या शिस्तीत आहे. बाजारातून नुसती काळी, विणकामाची नक्षी असलेली दांडी विकत घेणाऱ्याला ती शिस्त त्या किमतीत मिळत नाही.

आणि कण्याचे काय?

दुसऱ्या भेटीत मुलाचा खोकला गेला होता. आता त्याने त्यांच्या गाडीच्या चालकाला बरोबर आणले होते. सरावानंतर त्याची कंबर धरत होती. "कार्बनच्या दांड्या बसल्या की धक्के कमी होतील ना, सर?"

नाही. ही गल्लत सार्वत्रिक आहे. दांड्यांचे काम चाक जागेवर धरण्याचे. धक्का झेलायचा तो टायर, स्प्रिंग, शॉकअॅब्सॉर्बर आणि आसनाने. त्यांनी झेलला नाही तर तो चालकाच्या कण्यापर्यंत पोहोचतो. तिथे मणक्यांमधल्या चकत्या आणि पाठीचे स्नायू हेच आपले शॉकअॅब्सॉर्बर.

बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसेच हे. २०२२ साली फॉर्म्युला वनच्या गाड्यांची रचना बदलली. तळाशी हवेची ओढ निर्माण करणाऱ्या या गाड्या जमिनीलगत आणि अत्यंत ताठ सस्पेन्शनवर चालवाव्या लागत. सरळ रस्त्यावर वेगात त्या सेकंदाला अनेकदा वर-खाली आपटू लागल्या. त्या जूनमध्ये अझरबैजानमधल्या बाकू इथली शर्यत संपल्यावर सात वेळचे विश्वविजेते लुईस हॅमिल्टन कंबर धरून, कसेबसे गाडीतून उतरले. काही दिवसांतच जागतिक संघटनेने चालकांच्या आरोग्याचे कारण देऊन या उभ्या आपटण्यावर मर्यादा घालण्याची पावले उचलली. जगातल्या सर्वांत महागड्या कार्बनच्या दांड्या असलेल्या गाड्यांमध्ये हे घडत होते.

वाळवंटी शर्यतीत कंपनापेक्षा एकच मोठा आपटा घातक ठरतो. २०२३ च्या डकार शर्यतीत वाळूच्या टेकडीवरून उडालेली स्तेफान पेतेरहानसेल यांची गाडी आपटली आणि त्यांचे सहचालक एदुआर्द बुलांजे यांना पाठीच्या मणक्याच्या दुखापतीमुळे हेलिकॉप्टरने हलवावे लागले. त्यांच्याच संघाचे कार्लोस साइन्झ यांच्याही दोन मणक्यांना त्या शर्यतीत फ्रॅक्चर झाले. पुढच्या वर्षी वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांनी डकार जिंकली, ही त्यांची जिद्द. मणक्याचे फ्रॅक्चर सगळ्यांचे इतके सुखाने संपत नाही.

यासाठी डकारलाही जावे लागत नाही. दुचाकीच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या साठीच्या बाई, न दिसलेला गतिरोधक, एक आपटा आणि पाठ-कंबरेच्या सांध्यावरचा मणका दबलेला. असे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. ट्रॅक्टर आणि जेसीबीवर दिवसभर बसणारे चालक कंबरदुखी घेऊन येतात. त्यांचे दुखणे शर्यतवीराच्याच जातीचे. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांना सोसाव्या लागणाऱ्या शारीरिक कंपनांवर कायदेशीर मर्यादा घातली. आपल्या ट्रॅक्टरवाल्याला निदान एवढे सांगता येईल की आसनाखालची स्प्रिंग मोडली असेल तर आधी ती बदला, टायरमध्ये नको इतकी हवा भरू नका आणि तासाभराने उतरून चार पावले चाला. उतरल्या उतरल्या लगेच जड पोते उचलू नका.

चालक मुलालाही मी तेच सांगितले. आसन अंगाबरोबर साच्यात घडवून घ्या, पट्टे घट्ट हवेत, शॉकअॅब्सॉर्बरची जुळणी पुन्हा करा. आणि पाय बधिर झाले, मुंग्या येऊ लागल्या किंवा लघवीवरचा ताबा गेला तर शर्यत सोडून थेट रुग्णालय गाठा.

धुळीचे पथ्य

हाताने कार्बन कापणारे, घासणारे तरुण आता कॉलेजांत आहेत, सायकली आणि मोटारसायकली सजवणाऱ्या छोट्या गॅरेजांतही आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

कार्बनचा धागा अॅस्बेस्टॉससारखा उभा चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होत नाही, साधारणतः आडवा तुटतो. त्याची जाडी पाहता बहुतेक तुकडे नाक-घशातच अडकतात आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत जात नाहीत. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ग्राइंडरने उडणारी राळेची धूळ बरीच बारीक असते आणि जळालेले धागे आणखी पातळ होतात. रुमाल पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क हवा. पाणी लावून घासावे आणि धूळ झाडूने उडवू नये, व्हॅक्यूमने ओढावी. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि चष्मा घालावा. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. कातडीत तुकडे रुतले तर चोळू नये. चिकटपट्टी लावून अलगद ओढावी, मग थंड पाण्याने धुवावे.

इपॉक्सीची अॅलर्जी मात्र गंभीरपणे घ्यावी. एकदा शरीराने तिच्याशी वैर धरले की ते बहुधा आयुष्यभर टिकते आणि पुढे थोडासा वाससुद्धा पापण्या सुजवू शकतो. हाताला लागलेली इपॉक्सी थिनरने पुसणे ही सर्वांत वाईट सवय. थिनर तिला कातडीत आणखी आत नेतो. साबण-पाणी पुरे.

आणि ज्यांना जीपला किंवा बाइकला कार्बनचे सस्पेन्शन लावायची हौस आहे, त्यांच्यासाठी : बॉनेट, आरशाची टोपी, मडगार्ड कार्बनचे करा, तुटले तर पैसे जातील. चाक धरणाऱ्या भागाला मात्र चाचणीचा कागद नसेल तर हात लावू नका. फटका बसलेली कार्बनची दांडी रंगवून पुन्हा लावू नका, तिला नंतर भोक पाडू नका. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेबाहेरचे बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, हेही ध्यानात असू द्या.

दिवाळीनंतर तो मुलगा शेवटचा भेटला. हात स्वच्छ होते, खिशात मास्क होता. त्यांनी कॉलेजच्या चाचणी यंत्रावर प्रत्येक दांडी गाडीला लावण्याआधी ओढून पाहिली होती. शर्यतीत येईल त्या भाराच्या दीडपट भार द्यायचे ठरले होते. एका दांडीचे अॅल्युमिनियमचे टोपण त्याच्या निम्म्यावरच 'टक्' आवाज करून नळीतून बाहेर आले. आत चिकटवण्याआधी तो पृष्ठभाग नीट घासला गेला नव्हता. खाज सहन होत नव्हती त्या दिवसांत त्यानेच ती दांडी घाईने उरकली होती.

"बाहेरून इतर दांड्यांसारखीच दिसत होती, सर," तो म्हणाला. "एवढाच आवाज झाला. आधी काही नाही."

तो आवाज वर्कशॉपमध्ये झाला, याचे मला बरे वाटले. त्या दांडीच्या पलीकडे एक चाक असणार होते आणि अलीकडे कंबर धरून माझ्याकडे आलेला तो दुसरा मुलगा.